दुसरा दात कोणता सांगू?

निमा,

परवा देवपुरातल्या शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुला देवी केलं. एक जण म्हणाला, डॉक्टरबाई उभ्या आयुष्यात कुणावर रागावल्या नाहीत. मी मागच्या रांगेत कमलअक्काजवळ बसले होते. तीस वर्षं तुझ्या हाताखाली आया म्हणून राबलेली बाई ती. तुझ्या शिव्या तिने जेवढ्या खाल्ल्या तेवढ्या कुणीच खाल्ल्या नसतील. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हाऊ कोनी गोट करी राहिना?" हा कुणाबद्दल बोलतोय, असं. भर शोकसभेत मला हसू आलं. मग रडू आलं, आणि लोकांना फक्त रडू दिसलं. ते बरं झालं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता.

जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. याची एक प्रत मेलबर्नला जुईकडे जाणार आहे. तुझ्या टेबलावरचं प्लास्टिकचं गर्भाशय पळवून त्यात बाहुली झोपवणारी ती जुई आता नोकरी करते. तू गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर रडली आणि मग विचारलं, "आजी, निमाआजीचं आणि तुझं नेमकं कशावरून बिनसलं होतं?" गेली अकरा वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर देत आले. तत्त्वावरून. जुई म्हणाली, "म्हणजे कोणत्या?" तिला आणि तिच्या भावाला मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून साधं लिहिते. तुलाही माझी वाक्यं लांब वाटायचीच.

मी अठ्ठावीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा तू घरी येऊन म्हणालीस, "आता काय करणार? डबे पुसून पुन्हा पुसणार? दवाखान्यात ये. बायका मला घाबरतात. तू बोल त्यांच्याशी." काम असं होतं: गर्भपातासाठी आलेल्या बाईशी आधी बोलायचं, पुन्हा नको असताना दिवस राहू नयेत म्हणून काय काय करता येतं ते सांगायचं आणि तिचं काय ठरतं ते वहीत लिहायचं. एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवायच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. टेबलावर तांबीचा नमुना होता, इंग्रजी टी अक्षरासारखा, तांब्याची बारीक तार गुंडाळलेला. एका म्हातारीने तो हातात घेऊन विचारलं होतं, "हाई कानमा घालानं शे का?" तू दारातून ऐकलंस आणि इतकी हसलीस की आतल्या बाईचं बीपी घेताना तुझे आकडे चुकले.

ती पहिली दोन वर्षं चांगली होती. तेवढं तुझ्याकडे कबूल करते. बायका माझ्यासमोर बसून चहा प्यायच्या आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगायच्या. घरी जाताना मला वाटायचं, निवृत्तीनंतर एवढं मिळतं कुणाला?

मग एका सरकारी तपासणीत एका बाईचा संमतीचा कागद सापडेना. साहेब तुला सगळ्यांसमोर बोलले. तू ते खाली मान घालून ऐकलंस. तुला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी मी घरी बसून संच तयार केले. वर गर्भपाताच्या संमतीचा कागद, खाली कुटुंबनियोजनाचा, आणि डाव्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन. खालच्या कागदावर तीन चौकोन छापून घेतले: तांबी, ऑपरेशन, गोळ्या. तीनच. नको म्हणणारीसाठी चौकोन ठेवला नाही, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पेपरातला प्रश्न कुणी कोरा सोडला की मला चैन पडायचं नाही, ती सवय तशीच राहिली होती. खालचा कागद कोरा असला की मी संच कमलअक्काकडे परत पाठवायची. तूही एक दिवस कंटाळून म्हणालीस, "पूर्ण संच असल्याशिवाय माझ्या टेबलावर कुणाला घेऊ नका."

नियम असा झाला. कुणी ठरवून केला नाही. कोपऱ्यातल्या एका पिनेने केला.

तुझी बाजूही लिहिते, नाहीतर जुईला वाटेल तू कोरडी होतीस. तुझ्याकडे तीच बाई दीड वर्षाने पुन्हा यायची, मग पुन्हा, दर वेळी जास्त पांढरी पडलेली. तू संतापायचीस. "मी काय गिरणी आहे का, दळण टाकलं की दळून दिलं? आज ती माझ्या हातात आहे. उद्या गावी गेली की संपलं. तांबी बसवायची तर आजच." मी मान डोलवायची. जुईला तत्त्व तत्त्व म्हणून सांगत आले, पण तेव्हा मी तुझ्याच बाजूची होते. फक्त वही माझ्याकडे होती.

आणि गोळ्यांचा चौकोन तर नावालाच होता. "गोळ्या म्हणजे काहीच नाही, चार दिवस घेतात आणि फडताळात विसरतात," असं तू म्हणायचीस. त्यामुळे गोळ्यांवर खूण केलेली बाईसुद्धा तुझ्या एका नजरेने तांबीवर यायची. त्याला आपण समुपदेशन म्हणत होतो.

मग ती आली. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, तो माझा अधिकार नाही. रत्ना म्हणू. सोनगीरच्या पलीकडच्या खेड्यातली, सव्वीसेक वर्षांची, दोन मुलींची आई. बरोबर तिची जाऊ होती. नवरा सुरतला कापडाच्या कारखान्यात. दोन महिने वर गेले होते. मी माझा सगळा धडा म्हणून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बठ्ठं करा, बाई. पन तांबी नको. मांगे बसाडी व्हती. वरीसभर रगत गये." बाकी सगळं करा, तांबी तेवढी नको, असं.

मी ऑपरेशनचं विचारलं. सासूला नातू हवा होता; ऑपरेशनचं नाव काढलं तर तिला माहेरी पाठवतील, असं जाऊच म्हणाली. गोळ्यांचं विचारलं. रत्नाला हसू आलं. "एकच खोली शे. कठे दपाडू?" लपवायला जागा नाही. मग कमलअक्का मध्ये पडली. "बाई, तिना नवरा सुरतले शे. वरीसमा दोन दाव येस. तिले कसानी तांबी?" वर्षातून दोनदा येणाऱ्या नवऱ्यासाठी तांबी कशाला, असं.

मी म्हटलं, "अक्का, नियम आहे."

अक्काने आवाज खाली केला. "मंग तांबीवर खूण करी टाका. बसाडू नका. कोन देखस?"

मी म्हटलं, "मी खोटी नोंद करणार नाही."

निमा, हे वाक्य मी किती ताठ मानेने म्हटलं, ते तू पाहिलं नाहीस. तू आत शस्त्रक्रियेत होतीस. मी दाराशी येऊन म्हटलं, "संच पूर्ण नाही." तू मागे न बघता म्हणालीस, "मग विचार करून दोन दिवसांनी ये म्हणावं." मी परत येऊन तसंच सांगितलं. रत्ना म्हणाली, "दोन दिनमा कसं यिऊ? सासूले दात काढाले जास सांगिसनी उनू. दुसरा दात कोनता सांगू, बाई?" सासूला दात काढायला जाते म्हणून सांगून आली होती ती.

तेव्हा मी पुन्हा तुझ्या दाराशी यायला हवं होतं. सात पावलं होती. यायचं आणि सांगायचं, हिला परत येता येणार नाही. मी आले नाही. पुढची बाई खुर्चीवर बसली होती आणि वेळापत्रक बिघडत होतं.

पाचव्या दिवशी तिला जीपमधून आणलं. बाजारातल्या कुठल्यातरी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या होत्या, किती आणि कशा ते तिलाही सांगता येत नव्हतं. सीटवर पोतं अंथरलं होतं आणि ते भिजलं होतं. तू तिला तुझ्या गाडीत घातलंस, सलाईनची बाटली स्वतः धरलीस आणि पांझरेवरचा पूल ओलांडून मोठ्या दवाखान्यात नेलंस. रक्त द्यायला तूच पहिली झोपलीस. ती वाचली ती तुझ्यामुळे. हे शोकसभेत कुणीच सांगितलं नाही, कारण हे सांगायचं तर आधीचंही सांगावं लागतं. वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं.

संध्याकाळी तू परत आलीस. मी माझ्या खोलीत तशीच बसून होते. तू बेसिनवर हात धुतलेस, नॅपकिनला पुसलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "चला. आता तिला तांबीची गरज नाही."

हे वाक्य मी तुला अजून माफ केलेलं नाही. तू थकली होतीस, दंडातून रक्त काढलेलं होतं, दिवसभर पोटात काही नव्हतं, हे सगळं मला समजतं. समजूनही माफ होत नाही.

मी ओरडले, "तुझ्या नियमाने झालं हे!"

तू शांतपणे म्हणालीस, "माझ्या? त्या कागदांना पिन कुणी मारली, मास्तरीणबाई?"

मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून आले. बाहेर सगळ्यांना सांगितलं की तत्त्वाचा प्रश्न होता, जिथे बाईच्या नकाराला किंमत नाही तिथे मी काम करणार नाही. लोकांनी वाहवा केली. तू कधी खोडून काढलं नाहीस. अकरा वर्षांत एकदाही नाही. दिवाळीला माझ्याकडे फराळाला यायचीस, माझ्या शेवेला नावं ठेवायचीस, नातवंडांच्या लसी विचारायचीस. भांडण एका बाजूला ठेवून आपण म्हाताऱ्या होत गेलो. मी मनात धरून बसले की चुकलं तुझं, आणि तू ते मान्य करत नाहीस. तो राग मला उपयोगाचा होता. तो होता म्हणून त्या सात पावलांची आठवण काढावी लागत नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत तू अचानक म्हणालीस, "चल गं, सोनगीरला जाऊन येऊ."

"काय आहे तिथे?"

"किल्ला आहे."

"या गुडघ्यांनी किल्ला चढू?"

"मग पायथ्याशी बसू. गाडी आहे, ड्रायव्हर आहे. चल ना."

मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर बघू. तू ताटाकडे बघत म्हणालीस, वांग्याच्या भरतात तेल जास्त झालंय. त्या भरतात तेल मुळीच जास्त नव्हतं.

तुझ्या मुलाने मला परवाच फोन केला. "मावशी, दवाखाना बंद करतोय. रुग्णांची कागदपत्रं नियमाप्रमाणे जिथे द्यायची तिथे दिली. बाकीची कपाटं तुम्ही बघाल का? तुमच्याइतकं नीट कुणी आवरणार नाही." नीट! मी कमलअक्काला घेऊन काल गेले. माझ्या खोलीत तुझी चाकाची खुर्ची आणि जुने पंखे रचलेले होते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या कोऱ्या संचांचा गठ्ठा होता. मी वरचा उचलला आणि दोन कागद माझ्या हातात सुटे झाले. कोपऱ्यात दोन बारीक भोकं. पुढचा उचलला, तोही सुटा. सगळा गठ्ठा तसाच. आणि खालच्या प्रत्येक कागदावर माझ्या तीन छापील चौकोनांखाली एक चौथा चौकोन पेनाने काढलेला, वाकडा, आणि त्यापुढे तुझं मुंगीसारखं अक्षर: काहीच नको.

प्रत्येक कागदावर, निमा. तुला साधी चिठ्ठी लिहायचा कंटाळा.

मी विचारलं, "अक्का, या पिना कुणी काढल्या?"

"बाईसनीच. चिमटा लिसनी, एक एक."

"कधी?"

"तुम्ही गयात ना, दुसराच दिनले."

मग तिने सगळं सांगितलं. त्या दिवसापासून पहिला कागद झाला की बाईचं काम व्हायचं. दुसऱ्या कागदाचं नाव नंतर, तिने चहा घेतल्यावर, बरोबर आलेलं माणूस बाहेर पाठवून. नको म्हणाली तर नको. पुन्हा वाटलं तर ये, म्हणून सांगायचं आणि सोडायचं. तू स्वतः बोलायचीस, म्हणे. बायका तुला घाबरायच्या बंद झाल्या होत्या.

"मग मला का नाही सांगितलंस?"

कमलअक्का पंख्याची धूळ झटकत म्हणाली, "तुम्ही कव्हय इचारं?" आणि दुसरा पंखा ओढत, "दातनं बी मी सांगं व्हतं बाईसले. त्याच सांजले."

कोणत्या दाताचं, हे मी विचारलं नाही. मी फक्त विचारलं, तेव्हा बाई काय म्हणाल्या?

"काईच नही. हात धुयात. परत धुयात."

म्हणजे तुला माहीत होतं. दाराशी येऊन मी अर्धंच सांगितलं, हे तुला त्याच संध्याकाळपासून माहीत होतं. अकरा दिवाळ्या तू माझ्या घरी बसून फराळ केलास आणि ते तोंडावर फेकलं नाहीस. लोक मला तत्त्वाची बाई म्हणायचे तेव्हा तू मान खाली घालून शेव खात राहिलीस. याला मी उपकार म्हणू का शिक्षा? तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मला खोटं पाडायला हवं होतंस. ते तुला सहज जमलं असतं, कॉलेजात माझे निबंध फाडायला जमायचं तसं. तू मला वाचवलंस आणि मी तुझ्यावर रागावून बसले. आता हा राग ठेवू कुठे?

सोनगीर मला तिथे, त्या पंख्यांच्या ढिगाशेजारी बसून कळलं. तुला किल्ला बघायचाच नव्हता. तुला तिच्याकडे जायचं होतं आणि एकटीने जायचा धीर नव्हता. तुला! आणि मी गुडघे सांगितले.

आज सकाळी मी आणि कमलअक्का एसटीने गेलो. पुढे रिक्षा केली. रत्ना ओट्यावर शेंगा फोडत होती. केस पांढरे व्हायला लागले आहेत. मोठ्या मुलीने पाणी आणून दिलं. ती बारावीला आहे. रत्नाने तिला दूध आणायला पाठवलं आणि मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "तुम्ही वहीवाल्या बाई."

मी सांगितलं, डॉक्टरबाई गेल्या. "आयकं मी," ती म्हणाली. गावाने काय मानलं, असं अक्काने विचारलं. गाठ होती म्हणून सांगितलं होतं, म्हणे. सासूला अजून तेवढंच माहीत आहे. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. तिने दाताचं सांगितलं होतं, मी ते आत जाऊन सांगितलं नाही, सांगितलं असतं तर कदाचित बाईंनी तिला परत पाठवलं नसतं. चूक माझी होती. मी वाक्यं बसमध्ये नीट जुळवून नेली होती. ती एकामागून एक बाहेर पडली आणि मला ती धड्यासारखीच ऐकू आली.

रत्ना शेंगा फोडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तव्हय इचारतात तर व्हतं, बाई. तुम्ही इतलं बठ्ठं इचारं. येवढंच नही इचारं, तुले परत येता यी का."

तिने चहा दिला. निघताना दोन ओंजळी शेंगा भरल्या आणि त्या कमलअक्काच्या पिशवीत घातल्या. माझी पिशवी शेजारीच, माझ्या मांडीवर होती.

परतीच्या बसमध्ये अक्का झोपली. किल्ला खिडकीतून मागे गेला. जुई, तुला तत्त्व कोणतं ते कळलं असेल. आणि निमा, ते जे ती म्हणाली, परत येता येईल का हे विचारलं नाही, ते आपल्या दोघींना होतं. त्यातलं निम्मं तुझं आहे. मी ते एकटीने ऐकून घेतलं, तिच्या ओट्यावर, रिकामी पिशवी मांडीवर धरून. एवढ्यासाठी तरी तू थांबायला हवं होतंस.